लठ्ठ मूल वयांत येतांना

अंगानें भरलेल्या मुलाकडे पाहून "खात्यापित्या घरचें मूल" असें कौतुकानें म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पोर हडकुळें असलें म्हणजे आई काळजींत पडते. तें गुबगुबीत असलें म्हणजे शेजारीण दृष्ट काढावयास सांगते. पुढें हें गुबगुबीतपण वाढत जाऊन दहाव्या-अकराव्या वर्षीं जिना चढतांना मुलाला धाप लागूं लागली, तरी वडील मंडळी धीर देतात कीं, "वाढत्या अंगाचें आहे, वयांत आलें, उंची सुटली, कीं आपोआप झडेल." या समजुतींत तथ्यांश आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. किंचित् भरलेलें मूल उंच होतांना पुष्कळदां खरोखरच सडसडीत होतें. परंतु ज्याचा लठ्ठपणा एका मर्यादेपलीकडे गेला आहे, त्या मुलाला वयांत येण्याचींच तीन-चार वर्षें सर्वांत अधिक जोखमीचीं असतात. मधुमेह, रक्तदाब व हृद्रोग हे जे विकार चाळिशी-पन्नाशीचे म्हणून समजले जातात, त्यांचा पाया याच वर्षांत घातला जातो.

ही मर्यादा कोणती, हें प्रथम पाहिलें पाहिजे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो, त्याला बी. एम्. आय्. म्हणतात. प्रौढ माणसांत त्याची एकच ठराविक मर्यादा धरतां येते. मुलांत ती वयाप्रमाणें, आणि मुलगा कीं मुलगी त्याप्रमाणें, बदलते. एकाच वयाच्या शंभर मुलांना या आंकड्याच्या क्रमानें ओळींत उभें केलें, तर पंचाण्णवाव्या मुलापाशीं जी रेघ येते ती लठ्ठपणाची रेघ, असें अमेरिकेंतील तक्त्यांत मानलेलें आहे. या रेघेच्या १२० टक्क्यांवर जो आंकडा जाईल, तो तीव्र लठ्ठपणा. १४० टक्क्यांपलीकडे त्याहूनहि वरचा वर्ग. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत ही रेघ सुमारें २४ वर येते. तिचे १२० टक्के म्हणजे सुमारें २९. मुलाची उंची १५० सेंटिमीटर असेल, तर वजन ६५ किलोच्या पुढें गेलें कीं तो तीव्र लठ्ठपणाच्या वर्गांत पडतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१५ सालीं आपल्याकडील मुलांसाठीं जे सुधारलेले तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत लठ्ठपणाच्या मर्यादा आणखी खालीं आणल्या आहेत. त्याचें कारण पुढें येईल.

आतां वयांत येण्याच्या काळाकडे वळूं. मुलींत हा काळ साधारणतः आठ ते तेरा आणि मुलांत नऊ ते चौदा या वयांत सुरू होतो. बाहेरून दिसणारे फरक सर्वांच्या परिचयाचे आहेत. आंत जें चालतें तें मात्र कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युइटरी नांवाची ग्रंथि आहे. ती या काळांत वाढीचा अंतःस्राव पूर्वीच्या दुपटी-तिपटीनें सोडूं लागते. हाडें लांबतात, स्नायु भरतात, आणि आईला दर सहा महिन्यांनीं विजारीचा दुमड उसवावा लागतो, तो या स्रावाचा प्रताप. पण याच ग्रंथीचें साखरेशीं एक जुनें वैर आहे. ब्यूनॉस आयर्स येथील बर्नार्दो हूसाय या शास्त्रज्ञास कुत्र्यांवरील प्रयोगांत असें आढळून आलें कीं, स्वादुपिंड काढल्यामुळें जडलेला मधुमेह, पिट्युइटरीहि काढली असतां, पुष्कळच सौम्य होतो. आणि उलटपक्षीं, या ग्रंथीचा अर्क टोंचला असतां रक्तांतील साखर चढते. या शोधाबद्दल १९४७ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला.

हूसाय यांनीं कुत्र्यांत जें पाहिलें, तेंच सौम्य रूपानें प्रत्येक वाढत्या मुलाच्या शरीरांत घडत असतें. इन्शुलिन हा स्वादुपिंडाचा स्राव. रक्तांतील साखरेला पेशींची दारें उघडून देणें हें त्याचें काम. वाढीच्या स्रावाचा जोर झाला म्हणजे हीं दारें जड होतात. पूर्वी जेवढ्या इन्शुलिननें उघडत, तेवढ्यानें आतां उघडत नाहींत. यालाच इन्शुलिनला होणारा अवरोध असें म्हणतात. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें ३५७ मुलामुलींची या दृष्टीनें सूक्ष्म तपासणी करण्यांत आली व तिचे निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाले. वयांत येण्याच्या पांच पायऱ्या वैद्यकांत मानतात. त्यांपैकीं दुसऱ्या पायरीवर हा अवरोध सुरू होतो, तिसऱ्या पायरीवर शिगेस पोंचतो आणि पांचव्या पायरीला, म्हणजे वाढ पुरी होत आली असतां, तो जवळजवळ पूर्वस्थितीवर येतो, असें त्यांत दिसून आलें. निरोगी मुलाचें स्वादुपिंड मधल्या काळांत अधिक इन्शुलिन ओततें आणि रक्तांतील साखर ठिकाणावर ठेवतें. निसर्गाची यांत योजनाच आहे, असें कित्येकांस वाटतें. कारण अवरोध होतो तो साखरेच्या बाबतींत. प्रथिनें रचण्याचें इन्शुलिनचें जें दुसरें काम, त्याला अडथळा येत नाहीं, आणि वाढलेलें इन्शुलिन शरीर बांधण्याच्या कामीं उपयोगीच पडतें. निरोगी मुलाच्या दृष्टीनें हें ऋण अल्प मुदतीचें असून तें वेळेवर फिटतें.

तीव्र लठ्ठ मूल मात्र या काळांत पाऊल टाकतांनाच कर्जबाजारी असतें. त्याचें कारण चरबीच्या सांठवणींत आहे. कातडीखालची चरबी ही शरीराची कोठीची खोली. तेथें सांठलेला माल सहसा कोणाला उपद्रव देत नाहीं. पण कोठी तुडुंब भरली म्हणजे धान्याचीं पोतीं जशीं ओसरीवर, माजघरांत, शेवटीं देवघराच्या दारापर्यंत येऊन पडतात, तशी चरबी पोटाच्या पोकळींत, यकृतांत आणि स्नायूंच्या पेशींत शिरते. या जागा सांठवणीच्या नव्हेत. स्नायूंत शिरलेली चरबी इन्शुलिनचा निरोप आंत पोंचूं देत नाहीं. यकृतांत शिरलेली चरबी त्याला बेलगाम करते. मग रक्तांत साखर पुरेशी असतांनाहि यकृत नवी साखर तयार करून बाहेर सोडीत राहतें, आणि तिच्या जोडीला ट्रायग्लिसराइड नांवाची चरबीहि. अशा शरीरावर वयांत येण्याचा स्वाभाविक अवरोध येऊन आदळला, कीं स्वादुपिंडावर दुहेरी भार पडतो. कांहीं मुलांचें स्वादुपिंड हा भार वर्षानुवर्षें वाहतें, कांहींचें तीन-चार वर्षांतच थकतें. आणि ज्यांचा लठ्ठपणा कायम राहतो, त्यांच्यांत वाढ पुरी झाल्यावरहि हा अवरोध पुरता उतरत नाहीं. मधुमेहाचा जो प्रकार पूर्वी केवळ प्रौढांचा समजला जाई, तो मुलांत बहुधा तेरा-चौदाव्या वर्षाच्या आसपास उघडकीस येतो आणि वयांत येण्यापूर्वीं फारच क्वचित् दिसतो, याचें मर्म येथें आहे.

लठ्ठपणाच्या पायरीबरोबर धोकाहि कसा चढतो, याची मोजदाद येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. त्यांनीं ४३९ लठ्ठ मुलें व कुमार तपासले. लठ्ठपणा, चढलेला रक्तदाब, वाढलेलीं ट्रायग्लिसराइडें, हितकारक कोलेस्टेरॉलची उणीव आणि साखर जिरविण्याची मंदावलेली शक्ति, या पांचांपैकीं तीन दोष एकत्र आढळले तर त्या समूहाला चयापचयाची विकृति म्हणावयाचें, असें त्यांनीं ठरविलें होतें. मध्यम लठ्ठ मुलांत ही विकृति शेंकडा ३८.७ जणांस होती. तीव्र लठ्ठ मुलांत शेंकडा ४९.७, म्हणजे दोघांत एकाला. दिसावयास हीं मुलें आजारी नव्हतीं. शाळेंत जात होतीं, खेळत होतीं.

मुलाला कांहींच होत नाहीं, मग काळजी कसली, हा प्रश्न येथें साहजिकच उभा राहतो. त्याचें उत्तर द्यावयास शवविच्छेदनाचा दाखला घ्यावा लागतो. तो कटु आहे, पण त्याला इलाज नाहीं. कोरियाच्या युद्धांत मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांचें सरासरी वय २२ होतें, आणि तरीहि चारांपैकीं तिघांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा सांपडल्या. त्यानंतर लुइझियानांतील बोगलूसा या लहानशा गांवीं १९७२ पासून तेथील मुलांचीं वजनें, रक्तदाब आणि रक्तांतील चरबी नोंदून ठेवण्याचा उपक्रम जेराल्ड बेरेन्सन यांनीं चालविला. या मुलांपैकीं जीं पुढें अपघातांत किंवा अन्य कारणांनीं तरुणपणींच दगावलीं, त्यांच्या रोहिण्या पाहतां आल्या, व जुन्या नोंदींशीं त्या ताडून पाहतां आल्या. १९९८ चा त्यांचा निष्कर्ष असा: ज्यांच्या ठिकाणीं धोक्याचें एकहि लक्षण नव्हतें, त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांचा अस्तराचा १.३ टक्के भाग चरबीच्या रेघांनीं व्यापलेला होता. ज्यांच्या ठिकाणीं तीन-चार लक्षणें एकवटलीं होतीं, त्यांचा ११ टक्के. रोहिणीला वेदना नसते. म्हणूनच मूल तक्रार करीत नाहीं.

रक्तदाब चढण्यास इन्शुलिनचा हातभार लागतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. स्नायूंनीं इन्शुलिनची हांक ऐकण्याचें सोडलें, तरी मूत्रपिंडें ती ऐकतच असतात. आणि त्यांना ती सांगते कीं, मीठ बाहेर टाकूं नका, राखून ठेवा. रक्तांतील पाण्याचा भार वाढतो, चरबीच्या पेशींतून निघणारे कांहीं पदार्थ रक्तवाहिन्या आंवळून धरतात, आणि हृदयाला हें सर्व ढकलावें लागतें. अशा मुलांच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला आढळतो. येथें एक व्यावहारिक सूचना अस्थानीं होणार नाहीं. दंडाच्या मानानें पट्टा अरुंद असेल, तर यंत्र रक्तदाब खोटाच चढलेला दाखवितें. लठ्ठ मुलाला रुंद पट्टाच बांधला पाहिजे.

कोलेस्टेरॉलच्या तपासणींतहि असाच एक चकवा आहे. ऐन वयांत येण्याच्या मध्यावर अपायकारक कोलेस्टेरॉलचें प्रमाण स्वभावतःच थोडें उतरतें आणि नंतर पुन्हां चढतें. तेराव्या-चौदाव्या वर्षीं केलेली तपासणी त्यामुळें फसवें समाधान देऊं शकते. म्हणून अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०११ सालीं ही तपासणी एकदां नऊ ते अकरा आणि एकदां सतरा ते एकवीस या वयांत करावी, अशी शिफारस केली.

यकृताचा विषय थोडक्यांत आटोपतां येईल, पण त्याचें गांभीर्य थोडें नाहीं. सॅन डिएगो येथें अकस्मात् मृत्यु आलेल्या मुलांच्या यकृतांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. लठ्ठ मुलांत शेंकडा ३८ जणांच्या यकृतांत चरबी भरलेली होती. मद्याचा थेंबहि ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं, त्यांच्या यकृताची ही अवस्था!

मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडते. रक्तांत वाढलेलें इन्शुलिन बीजकोशांना पुरुषी स्राव अधिक निर्माण करावयास लावतें. पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव येते, मुरुमें उठतात. घरांत याला उष्णतेचा विकार म्हणून थंड पदार्थ सुचविले जातात, किंवा "लग्नानंतर सुरळीत होईल" असें म्हणून विषय मिटविला जातो. मुलांच्या छातीवर वाढलेल्या मेदाची शाळेंत टवाळी होते, आणि तो मुलगा पोहावयास जाण्याचें, मैदानावर उतरण्याचें टाळूं लागतो. व्यायामाची जी एक वाट असते तीहि त्यामुळें बंद होते. रात्रीं मोठ्यानें घोरणें, मधेंच श्वास अडकणें आणि सकाळीं वर्गांत पेंगणें हींहि याच मालिकेंतील लक्षणें होत. झोंपमोड झाली कीं रक्तदाब व साखर दोन्हीं बिघडतात.

एक खूण मात्र कोणत्याहि यंत्रावांचून, नुसत्या डोळ्यांनीं दिसते. मानेच्या मागच्या बाजूस आणि काखेंत कातडी काळसर, जाडसर, मखमलीसारखी होते. आया ती मळ समजून डाळीचें पीठ लावतात, शेंडीनें घासतात. मूल रडतें, काळेपणा जात नाहीं. तो मळ नव्हे. रक्तांत अतिरिक्त असलेलें इन्शुलिन कातडीच्या पेशींना वाढावयास लावतें, त्याचा तो रंग आहे. लठ्ठ मुलाच्या मानेवर तो दिसला, तर घासणें थांबवून रक्त तपासून घ्यावें.

भारतीय मुलांच्या बाबतींत मर्यादा खालीं कां आणल्या, याचा उलगडा पुणें शहराजवळच्या खेड्यांत झाला आहे. के. ई. एम्. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं सहा खेड्यांतील मातांची व पुढें त्यांच्या बालकांची पाहणी सुरू केली. तेथील नवजात बालकाचें वजन सरासरीनें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकाचें ३.५ किलो. पुण्याचें बालक सर्व बाजूंनीं लहान होतें. स्नायु कमी, पोटांतील इंद्रियें लहान. पण पाठीवरची कातडी चिमटींत धरून मोजली तर तिच्याखालची चरबी त्या मानानें मुळींच कमी नव्हती. कृश दिसणारें, पण आंतून मेदानें भरलेलें असें हें शरीर आपण जन्मतःच घेऊन येतों. बी. एम्. आय्. सारखाच असला, तरी भारतीय शरीरांत चरबीचा वांटा अधिक व स्नायूंचा कमी असतो. म्हणूनच २०१५ च्या तक्त्यांत अधिक वजनाच्या व लठ्ठपणाच्या रेघा प्रौढांच्या २३ व २७ या आंकड्यांशीं जुळविल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु घरांतील मूल अमेरिकन तक्त्यावर पास झालें, एवढ्यानें निश्चिंत राहतां येत नाहीं.

आतां त्या जुन्या समजुतीची परीक्षा करूं. "झडेल" हें म्हणणें खरें कीं खोटें? याचें सर्वांत बोलकें उत्तर कोपनहेगन शहरांतून आलें. तेथील शाळांत मुलांचीं वजनें व उंची पिढ्यान् पिढ्या नोंदलेलीं आहेत. ६२,५६५ पुरुषांच्या सातव्या व तेराव्या वर्षींच्या या नोंदी आणि ऐन तारुण्यांत सैन्यभरतीच्या वेळीं घेतलेलें वजन, अशीं तीन वजनें जुळवून पुढें कोणाला मधुमेह झाला हें पाहण्यांत आलें. निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. सातव्या वर्षीं अधिक वजनाचीं असलेलीं, पण तेराव्या वर्षाच्या आंत सुधारलेलीं मुलें पुढें मधुमेहाच्या बाबतींत जन्मभर सडपातळ असलेल्यांच्याच बरोबरीचीं ठरलीं. जुनें खातें कोरें झालें! जीं तेराव्या वर्षींहि अधिक वजनाचीं होतीं, पण नंतर सुधारलीं, त्यांचा धोका सुमारें दीडपट राहिला. आणि ज्यांचें वजन सातव्या वर्षापासून तारुण्यापर्यंत कायम राहिलें, त्यांचा चौपट. या पाहणींतील बहुतेक मुलें अधिक वजनाचीं होतीं, आजच्या अर्थानें तीव्र लठ्ठ नव्हतीं. त्या काळीं तशीं मुलें विरळाच. तरी झडावयाचें तें वयांत येण्याच्या आंत किंवा येतां येतां झडलें पाहिजे, हें यांतून निघतें. आणि तीव्र लठ्ठपणा आपोआप झडणें फारच दुर्मिळ.

वाट पाहण्याची किंमत काय पडते, हेंहि नोंदलें गेलें आहे. अमेरिकेंत २००४ सालीं सुरू झालेल्या एका पाहणींत दहा ते सतरा वर्षांचीं, नुकताच मधुमेह जडलेलीं ६९९ स्थूल मुलें घेतलीं होतीं. प्रौढांना वर्षानुवर्षें पुरणारें मेटफॉर्मिन हें औषध एकट्यानें निम्म्याहून अधिक मुलांत निकामी ठरलें. हींच मुलें सरासरीनें सव्वीस वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ६७ जणांस रक्तदाब होता, आणि शेंकडा ६० जणांच्या डोळ्यांत, मूत्रपिंडांत किंवा मज्जातंतूंत मधुमेहाचा किमान एक उपद्रव उतरला होता. सव्विसावें वर्ष म्हणजे नोकरीला लागण्याचें, संसार मांडण्याचें वय.

उपायांकडे वळण्यापूर्वीं एक अन्याय दूर केला पाहिजे. असें मूल दिसलें कीं लोक त्याच्या जिभेला आणि आईच्या लाडाला दोष देतात. १९९७ सालीं इंग्लंडांत दोन चुलत-मावस भावंडांची हकीकत प्रसिद्ध झाली. आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचें २९. त्यांच्या शरीरांत पोट भरल्याची वर्दी मेंदूस देणारा लेप्टिन हा स्राव जन्मतःच नव्हता. लेप्टिन टोंचूं लागल्यावर त्या मुलीची अनावर भूक शमली. असे प्रकार विरळ, परंतु भुकेच्या यंत्रणेंतील लहानमोठे आनुवंशिक दोष त्या मानानें कमी विरळ आहेत. आणखी एक ठोकताळा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. खाण्यानें लठ्ठ झालेलें मूल बहुधा वयाच्या मानानें उंच असतें. लठ्ठ आहे आणि उंची मात्र खुंटली आहे, असें दिसलें तर ग्रंथींचा विकार शोधावा लागतो.

वाढतें वय हें संकट तसें साधनहि आहे. १५० सेंटिमीटर उंचीच्या ६५ किलो वजनाच्या मुलाचें वजन तेथेंच रोखून धरलें आणि तो १६० सेंटिमीटर झाला, तर त्याचा बी. एम्. आय्. २९ वरून सुमारें २५ वर येतो. तीव्र लठ्ठपणांत एवढ्यानें भागत नाहीं, वजन उतरवावेंच लागतें. पण तें उपासतापासानें नव्हे. प्रथम गोड पेयें, बिस्किटें, फरसाण हीं घरांत आणणेंच बंद करावें. मुलाला एकट्याला पथ्य आणि बाकीच्यांना श्रीखंड, हा प्रकार कोठेंच यशस्वी झालेला नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें कीं, संबंध कुटुंबाला तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास मार्गदर्शन मिळालें तरच फळ दिसतें. आपल्याकडे दवाखान्यांत "वजन कमी करा" एवढेंच सांगून होणारी बोळवण याच्या जवळपासहि येत नाहीं. त्याच संघटनेच्या मतें दहाव्या वर्षापासून लठ्ठ मुलाची साखर, रक्तांतील चरबी, यकृत व रक्तदाब हीं तपासलींच पाहिजेत.

बारा वर्षांवरील मुलांसाठीं आतां औषधेंहि निघालीं आहेत. सेमाग्लुटाइडचें आठवड्यास एक इंजेक्शन घेणाऱ्या कुमारांचा बी. एम्. आय्. ६८ आठवड्यांत सरासरी १६ टक्क्यांनीं उतरला, असें २०२२ सालीं दिसून आलें. औषध थांबविलें कीं वजन परत चढूं लागतें, ही त्यांतील अडचण. शेवटचा मार्ग शस्त्रक्रियेचा. जठराला वळसा देण्याची हीच शस्त्रक्रिया कुमारवयांत आणि प्रौढपणीं केलेल्या रुग्णांची तुलना अमेरिकेंत २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. पांच वर्षांनंतर दोन्ही गटांचें वजन जवळजवळ सारखेंच उतरलें होतें. परंतु मधुमेह कुमारांत शेंकडा ८६ जणांचा गेला, प्रौढांत ५३ जणांचा. रक्तदाब कुमारांत शेंकडा ६८ जणांचा, प्रौढांत ४१ जणांचा. तरुण स्वादुपिंड व तरुण रोहिण्या अद्याप सावरूं शकतात, असा याचा अर्थ घेतला जातो. मात्र शरीरांतील लोहाचा सांठा या कुमारांत जवळजवळ निम्म्या जणांत घटलेला आढळला. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर लोह आणि जीवनसत्त्वें आयुष्यभर घ्यावीं लागतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून हें नेम चुकूं न देण्याचें काम घरच्यांकडेच येतें.